बुरशी नसलेली बुरशी

१८०६ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झाँ-लुई अलिबेर या डॉक्टरनं एका रुग्णाची नोंद केली. अंगावरचे चट्टे वाढत जाऊन त्यांच्या गाठी झालेल्या, आणि गाठी दिसायला थेट अळंब्यांसारख्या. १८३२मध्ये त्यानं या रोगाचं नाव ठेवलं ‘मायकोसिस फंगॉइडिस’. बुरशीचा यात काडीचाही संबंध नाही. हा कॅन्सर आहे, त्वचेत ठाण मांडलेल्या टी-पेशींचा, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या शिपायांचा. पण रिपोर्टवर आजही तेच नाव येतं. ते वाचून कुणी मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणलं, तर मी त्याला हसणार नाही.

१९३८मध्ये सेझारी आणि बुव्हरां यांना, सगळं अंग लालबुंद झालेल्या रुग्णाच्या रक्तात विचित्र, मोठ्या पेशी दिसल्या. १९६८मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं दाखवलं की, या पेशींचं केंद्रक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं असतं. त्या टी-पेशी आहेत हे कळायला सत्तरचं दशक उजाडलं.

मग १९८०. रॉबर्ट गॅलोंच्या प्रयोगशाळेत याच निदानाच्या एका रुग्णाच्या पेशींत ‘एचटीएलव्ही-१’ हा विषाणू सापडला. चोर सापडला असं वाटलं खरं, पण तो निघाला टी-पेशींच्या दुसऱ्याच एका कॅन्सरचा.

खरी झडती झाली ती जनुकांची, २०१५मध्ये. येलच्या गटानं ४० रुग्णांच्या कॅन्सरपेशी वाचल्या. डीएनएमध्ये एखादं अक्षर चुकल्यामुळे रोग होतो, असं आपण शाळेत शिकतो. इथे पानंच्या पानं फाटलेली किंवा दोनदा छापलेली होती. रोगाला हातभार लावणाऱ्या बदलांपैकी ९२ टक्के या जातीचे.

मला सगळ्यात थक्क करणारा बदल मात्र वेगळा आहे. टी-पेशीला ‘सीडी२८’ हा अ‍ॅक्सिलरेटर असतो आणि ‘सीटीएलए४’ हा ब्रेक. काही रुग्णांत ही दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली आढळली. पेशीच्या बाहेरचा भाग ब्रेकचा, आतला अ‍ॅक्सिलरेटरचा. म्हणजे थांबण्याचा निरोप आला की गाडी आणखी सुसाट! अशा एका सेझारी रुग्णाला ‘सीटीएलए४’ला अडवणारं इपिलिमुमॅब दिलं, आणि आजार झपाट्यानं कमी झाला. एकाच रुग्णाचा अनुभव आहे, त्यावरून कुणी औषध मागायला जाऊ नये. पण एका माणसावर त्याच्या कॅन्सरचं जनुक वाचून उपचार झाले, हे मला विलक्षण वाटतं.

‘जनुकीय’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो: मग मुलांना होईल का? वर सांगितलेली मोडतोड आयुष्यात कधीतरी एका टी-पेशीत सुरू होते आणि तिच्याच वंशात वाढते. ती बीजपेशींत नसते, त्यामुळे आईबापांकडून मुलांकडे जात नाही.