बांगडी चढेना तेव्हा

दर श्रावणात मावशींकडे कासार बांगड्या भरायला यायचा. एका वर्षी त्यांच्या नेहमीच्या मापाची बांगडी हातात चढेना. "अंग भरलंय हो," म्हणत आम्ही साऱ्याजणी हसलो. पुढे चपला लहान पडल्या, नाक-जबडा रुंद झाला, आवाज घोगरा झाला. "रूप गेलं बाईचं," असं माघारी बोलणाऱ्यांत मीही होते.

मग कडेचं दिसेना, दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना निरखून बघितलं आणि लग्नातला फोटो मागवला. फोटो आणि चेहरा शेजारी धरल्यावर त्यांना शंका आली. रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथं गाठ होती. कॅन्सरची नव्हे, पण ती वाढीचं संप्रेरक जादा सोडत होती आणि डोळ्यांच्या नसा दाबत होती.

नंतर मी या दुर्मीळ आजाराचा इतिहास वाचत गेले. 1886 मध्ये पॅरिसच्या पिएर मारी यांनी त्याला अ‍ॅक्रोमेगाली हे नाव दिलं. त्यांनी वर्णन केलेले दोन्ही रुग्ण बायकाच होत्या. 1909 मध्ये अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी अशाच एका शेतकऱ्यावर नाकामागच्या वाटेनं शस्त्रक्रिया केली, आणि तो वाचला.

मन मात्र अडकलं ते मेरी अ‍ॅन बेव्हनपाशी. ही लंडनकडची परिचारिका. लग्नानंतर तिचा चेहरा बदलत गेला. 1914 मध्ये नवरा वारला, पदरात चार मुलं. कुरूप बाईची स्पर्धा तिनं जिंकली आणि 1920 मध्ये ती न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर गेली. तिथं लोक पैसे देऊन तिला बघत. त्या पैशांवर तिनं मुलं वाढवली. कुशिंग यांच्या त्या शस्त्रक्रियेला अकरा वर्षं झाली होती, तरी त्या आजाराला तिकीट लागलं! 1927 मध्ये 'टाइम' साप्ताहिकात तिची थट्टा झाली, तेव्हा कुशिंग यांनीच संपादकांना पत्र लिहिलं, की हा हसण्याचा विषय नाही, हा आजार आहे. 1933 मध्ये ती गेली.

मावशींची गाठ नाकातून काढली. नजर पुष्कळ परतली, बोटांची सूज उतरली. जबडा मात्र तसाच राहिला, हाडं काही मागं जात नाहीत. आम्ही वेळेत बघितलं असतं तर?

म्हणून सांगते बायांनो, कुणाची अंगठी, चप्पल उगीचच लहान होऊ लागली तर हसू नका. जुना फोटो काढा आणि तिला डॉक्टरांकडे न्या.