शब्द, नाते आणि निर्वासन : व्हिएतनामी समलिंगी व्यक्तींच्या दुहेरी अस्मितेचा इतिहास

समलिंगी व्यक्तीची वांशिक अस्मिता आणि तिची लैंगिक अस्मिता या दोन स्वतंत्र वस्तू असून एकीवर दुसरी चढविली जाते, अशी कल्पना पुष्कळदा गृहीत धरली जाते. व्हिएतनामी समाजाचा इतिहास या गृहीतकास पोषक नाही. तेथे या दोन अस्मिता परस्परांच्या संदर्भातच घडत गेल्या, असे भाषा, कायदा व स्थलांतर या तिन्हींच्या पुराव्यावरून दिसते.

प्रथम शब्दांचा विचार करावा. समलिंगी पुरुषास हिणवून लावला जाणारा ‘पे-दे’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. ‘दोंग तिन्ह’ हा प्रतिष्ठित शब्द चिनी मूळ घटकांपासून बनलेला असून त्याचा अर्थ ‘समान लिंग’ असा आहे. परंतु ‘बाँग’, म्हणजे ‘छाया’, हा शब्द देशी परंपरेतला आहे. मातृदेवतांच्या उपासनेत ज्याच्या अंगात देवता संचारते त्या माध्यमाशी त्याचा संबंध पोचतो. या विधीत पुरुष माध्यम देवींची वस्त्रे धारण करून नृत्य करतो, आणि स्त्रैण पुरुषांस तेथे फार पूर्वीपासून स्थान आहे. ही उपासना २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. समलिंगी वृत्ती ही पाश्चात्यांची देणगी होय, या लोकप्रिय मताविरुद्ध हा शब्द स्वतःच साक्ष देतो. मात्र देवीच्या माध्यमाला आधुनिक अर्थाने ‘समलिंगी’ म्हणणे हाही कालविपर्यासच ठरेल.

पाश्चात्यांचा वाटा निराळ्या ठिकाणी शोधला पाहिजे. ‘जाकोबुस एक्स’ या टोपणनावाने १८९३ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या, वसाहतींतील कामजीवनाविषयीच्या ग्रंथात एका फ्रेंच लष्करी वैद्याने अनामी पुरुषांस स्त्रैण ठरविले आणि समलिंगी आचार हे त्या वंशाचे व्यसन म्हणून रंगविले. म्हणजे लैंगिक लक्षणालाच वांशिक लक्षण बनविण्यात आले. पुढे राष्ट्रवादी विचाराने हा आरोप उलटविला व तो दोष परकीयांच्या माथी मारला. दोन्ही पक्षांची भूमिका विरुद्ध असली, तरी लैंगिक आचरणावरून वंशाची योग्यता ठरते हे गृहीतक दोघांचेही एकच होते.

कायद्याची स्थिती भारताहून भिन्न होती. फ्रान्सने १७९१ सालीच हा गुन्हा दंडसंहितेतून वगळला होता. त्यामुळे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ सारखे कलम फ्रेंच इंडोचायनात आले नाही. तेथे नियंत्रण राहिले ते कुटुंबाचे. पूर्वजपूजा चालू ठेवण्यास संतती हवी, आणि निःसंतान राहणे हा मातापित्यांविषयीचा मोठा अपराध, ही कन्फ्यूशियन धारणा दंडसंहितेपेक्षा अधिक प्रभावी ठरली. पितृऋणाची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांस या दडपणाचे स्वरूप निराळे समजावून सांगावयास नको.

कवी स्वान झियेउ (१९१६–१९८५) यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९३८ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहात पुरुषांमधील प्रेमावर एक कविता आहे व तिचे नायक रँबो आणि व्हर्लेन हे फ्रेंच कवी आहेत. स्वभाषेत जे उघड बोलता येईना, त्यासाठी परक्या साहित्याचा आडोसा घेतला गेला. तथापि शीर्षक शुद्ध व्हिएतनामी राहिले. कवीच्या निधनानंतर, १९९२ साली, लेखक तो होआय यांच्या आठवणींच्या पुस्तकात या विषयाची मोकळेपणाने वाच्यता झाली.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले आणि या प्रश्नास नवे परिमाण प्राप्त झाले. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या निर्वासितांस एक विलक्षण कायदा आडवा येत होता. १९६५ च्या दुरुस्तीने ‘लैंगिक विकृती’ हे प्रवेश नाकारण्याचे कारण ठरविले होते, व ते १९९० सालीच रद्द झाले. ज्या वर्षांत व्हिएतनामी निर्वासितांच्या लाटा येत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत समलिंगी परकीयास मौन पाळणे क्रमप्राप्त होते. पुढे एकीकडे गौरवर्णीय समलिंगी समाजात आशियाई म्हणून दुय्यमत्व, तर दुसरीकडे स्वसमाजात परंपराद्रोहाचा आरोप, असा हा पेच बनला. १९९५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ओ मोय’ या व्हिएतनामी समलिंगी व उभयलिंगी स्त्रियांच्या आणि परलिंगी व्यक्तींच्या गटाने आपले नाव एका फळझाडावरून घेतले. दक्षिण व्हिएतनामच्या बोलीत तो शब्द समलिंगी स्त्रीस उद्देशून वापरला जातो. स्वतःसाठी इंग्रजी संज्ञा न घेता मायबोलीतील हिणकस शब्दच सन्मानाने स्वीकारणे, हे दोन्ही अस्मितांवर एकदम हक्क सांगणे होते.

या भाषेत ‘मी’ व ‘तू’ यांच्या जागी बहुधा नात्याचे शब्द येतात : थोरला भाऊ, थोरली बहीण, धाकटे भावंड. साहजिकच लिंग व वय न ठरविता आप्तांत तोंड उघडणेही कठीण जाते. यामुळे लैंगिक अस्मितेचा प्रश्न प्रत्येक संबोधनात उपस्थित होतो. परंतु प्रेमिकांमधील धाकट्यास लावला जाणारा ‘एम’ हा शब्द लिंगनिरपेक्ष असल्याने त्याच भाषेत दोन पुरुषांच्या प्रेमासाठीही जागा आहे.

संघर्षाचे दृश्य रूप २०१३ साली वेस्टमिन्स्टर येथील नववर्षाच्या, म्हणजे ‘तेत’च्या मिरवणुकीत दिसले. खासगी संयोजकांनी समलिंगी संघटनांना वगळले व न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. २०१४ साली मात्र त्यांस प्रवेश मिळाला. त्यांची मागणी वेगळ्या मिरवणुकीची नव्हती. आपल्याच पूर्वजांच्या सणात चालण्याची होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दरम्यान मायदेशही स्थिर नव्हता. २००० च्या कायद्याने समलिंगी विवाहास केलेली मनाई २०१४ च्या कायद्याने उठविली, परंतु शासन अशा विवाहास मान्यता देत नाही असेही त्यात नमूद केले. समलिंगी वृत्ती हा रोग नव्हे, असे आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केले. परिणामी, परदेशातील निर्वासितांनी ‘परंपरा’ म्हणून जतन केलेला व्हिएतनाम आणि प्रत्यक्षातील व्हिएतनाम यांत अंतर पडत गेले.

‘परंपरा’ हा शब्द पुरावा म्हणून पुढे केला जातो तेव्हा ती कोणाची, कोणत्या काळातील व कोणत्या भूमीवरील, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. देवीच्या माध्यमापासून मिरवणुकीच्या वादापर्यंतची साधने एवढे निश्चित दर्शवितात की, व्हिएतनामी असणे आणि समलिंगी असणे यांतील विरोध हा इतिहासाने निर्माण केला आहे. तो स्वभावसिद्ध नव्हे.