कातडी आवळणारा आजार : सिस्टेमिक स्क्लेरोसिसवरील संशोधन आणि लाखांदूरसारख्या तालुक्यांपुढचे आव्हान

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठी वसलेला लाखांदूर तालुका धानाच्या शेतीसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी येथील स्त्रियांचे हात दिवसभर चिखलपाण्यात असतात आणि पूर्व विदर्भातील हिवाळ्याच्या पहाटा बोचऱ्या थंडीच्या असतात. अशा जीवनक्रमात बोटे बधिरणे, हात सुजणे किंवा कातडी राठ होणे ही कोणाला तक्रार वाटत नाही. ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ किंवा ‘स्क्लेरोडर्मा’ या दुर्मीळ, परंतु गंभीर आजाराची सुरुवात मात्र नेमकी अशाच किरकोळ वाटणाऱ्या लक्षणांनी होते. गेल्या दोन दशकांत या आजाराच्या उपचारांत लक्षणीय प्रगती झाली आहे. तिचा लाभ रुग्णाला मिळणार की नाही, हे पहिली दोन-तीन वर्षे कशी जातात यावरच बहुतांशी ठरते.

आजार म्हणजे काय?

सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा स्वयंप्रतिकारक आजार आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. प्रथम सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, त्यानंतर दाह सुरू होतो आणि अखेरीस ‘कोलॅजन’ हे तंतुमय प्रथिन प्रमाणाबाहेर साठू लागते. जखम भरून आल्यावर जसा व्रण उरतो, तसेच व्रण त्वचेत, फुप्फुसांत, अन्ननलिकेत आणि हृदयात तयार होत जातात. त्यामुळे कातडी घट्ट होते, बोटे वाकडी होतात, तोंड पुरेसे उघडत नाही, गिळताना अन्न अडकते आणि चालताना दम लागतो. हा आजार संसर्गजन्य नाही. तो स्पर्शाने पसरत नाही, तसेच तो कोणत्याही पापाचे वा पथ्य मोडल्याचे फळ नाही.

पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असून तो प्रामुख्याने तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान प्रकट होतो. त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. मर्यादित प्रकारात त्वचेचा कठीणपणा हात, पाय व चेहऱ्यापुरता राहतो आणि आजार संथ गतीने वाढतो. व्यापक प्रकारात तो दंड, मांड्या व धडापर्यंत पोहोचतो आणि अंतर्गत अवयवांना लवकर इजा होण्याचा धोका असतो.

अडीचशे वर्षांचा मागोवा

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन इटलीतील नेपल्स येथील वैद्य कार्लो कुर्झियो यांनी १७५३ मध्ये केले, असे मानले जाते. लाकडासारखी कठीण त्वचा झालेली एक तरुणी त्यांची रुग्ण होती. फ्रेंच वैद्य जिंत्राक यांनी १८४७ मध्ये या आजाराला ‘स्क्लेरोडर्मा’ या अर्थाचे नाव दिले. १८६२ मध्ये मॉरिस रेनो या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने थंडीने बोटे पांढरी, मग निळी आणि अखेर लाल पडण्याचा प्रकार वर्णिला. आज तो ‘रेनो लक्षण’ म्हणून ओळखला जातो. आजार केवळ त्वचेचा नसून सर्व शरीराचा आहे, हे अधोरेखित करणारे नाव रॉबर्ट गोट्झ यांनी १९४५ मध्ये सुचविले. प्रख्यात चित्रकार पॉल क्ले यांचा २९ जून १९४० रोजी मृत्यू झाला. त्यांना हाच आजार असावा असे मानले जाते. २९ जून हा दिवस त्यामुळेच जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळला जातो.

कारणांच्या शोधात एक धागा कामाच्या जागेकडे गेला. एडिंबरा येथील ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये दगड घडविणाऱ्या कामगारांमध्ये, तर इरॅस्मस यांनी १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांमध्ये हा आजार अधिक आढळल्याचे नोंदविले. दगडातील सिलिकाची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास आजाराची शक्यता वाढते, हे पुढे मान्य झाले. खाणी आणि दगडफोडीची यंत्रे असलेल्या पूर्व विदर्भात म्हणूनच रुग्णाला, विशेषतः पुरुष रुग्णाला, ‘आजवर कोणते काम केले?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

निदान का चुकते?

जगभरातील पाहण्यांनुसार एक लाख लोकसंख्येमागे साधारणतः दहा ते पंचवीस व्यक्तींना हा आजार असतो. आपल्याकडे हे प्रमाण त्याच्या निम्मे धरले, तरी लाखाहून अधिक वस्तीच्या एका तालुक्यात पाच-दहा रुग्ण असू शकतात. अर्थात तेथील एखाद्या डॉक्टरासमोर असा रुग्ण कित्येक वर्षांतून एकदाच येणार. त्यामुळे परिचयाच्या आजारांच्या चौकटीतच त्याच्याकडे पाहिले जाते.

पूर्व विदर्भात यातील पहिली चौकट कुष्ठरोगाची आहे. राष्ट्रीय पातळीवर भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोग दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, तरी या पट्ट्यात त्याचे रुग्ण आढळत राहिले आहेत. वाकलेली बोटे, बोटांच्या टोकांवरील न भरणाऱ्या जखमा आणि कातडीवर पडणारे पांढरे-काळे ठिपके पाहून स्क्लेरोडर्माच्या रुग्णावरही तोच शिक्का बसू शकतो आणि त्यासोबत सामाजिक बहिष्काराची भीती येते. वास्तविक दोहोंतील फरक ओळखणे अवघड नाही. कुष्ठरोगात चट्ट्यावरील संवेदना हरपते आणि नसा जाड होतात. स्क्लेरोडर्मात संवेदना सहसा शाबूत असते, जखम अतिशय दुखते आणि थंडीत बोटांचा रंग बदलतो.

दुसरी चौकट क्षयरोगाची. कोरडा खोकला, दम आणि घटते वजन ही लक्षणे दोन्हींत दिसतात. छातीच्या चित्रातील डाग क्षयाचे समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात आणि तेवढ्या काळात फुप्फुसांतील व्रण वाढत राहतात. थुंकीत जंतू सापडत नसतील आणि औषधांनी गुण येत नसेल, तर रुग्णाच्या बोटांकडे एकवार पाहावे, हा संधिवाततज्ज्ञांचा सल्ला त्यामुळेच मोलाचा आहे.

तिसरी चूक अधिक घातक ठरू शकते. सांधे दुखतात म्हणून रुग्णाला सर्रास स्टिरॉइड दिले जाते. प्रारंभी त्याने आराम वाटतो. परंतु व्यापक प्रकारच्या आजारात स्टिरॉइडची मोठी मात्रा, म्हणजे दिवसाला प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक, ‘मूत्रपिंड संकटा’चा धोका वाढविते. या अवस्थेत रक्तदाब एकाएकी भडकतो आणि थोड्याच दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

निदानाची साधने

अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्ये या आजारासाठी संयुक्त निकष जाहीर केले. दोन्ही हातांच्या बोटांची त्वचा मुळाच्या सांध्यांपलीकडेपर्यंत जाड झाली असेल, तर तेवढ्यावरच आजाराचे वर्गीकरण करता येते. अन्यथा सुजलेली बोटे, टोकांवरील जखमा, रेनो लक्षण, नखाच्या मुळाशी बदललेल्या केशवाहिन्या आणि रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे यांना गुण दिले जातात. रक्तातील एएनए चाचणी बहुतेक रुग्णांत सकारात्मक येते. त्यापुढे ‘एससीएल-७०’ प्रतिपिंड आढळल्यास फुप्फुसांच्या व्रणांची, ‘अँटिसेंट्रोमिअर’ आढळल्यास मर्यादित प्रकाराची, तर ‘आरएनए पॉलिमरेज-३’ आढळल्यास मूत्रपिंड संकटाची शक्यता अधिक असते. निदान झाल्यावर छातीचा एचआरसीटी, श्वसनक्षमतेची चाचणी आणि हृदयाची टूडी इको तपासणी करणे आवश्यक मानले जाते. रुग्णाला अद्याप दम लागत नसला, तरी या तपासण्या टाळू नयेत.

केवळ थंडीत बोटे पांढरी पडतात म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही. रेनो लक्षण असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. तिशीनंतर ते प्रथमच सुरू झाले, सोबत बोटे सुजू लागली किंवा टोकांवर जखमा झाल्या, तर तपासणी करून घ्यावी.

संशोधनाने काय दिले?

या आजाराच्या इतिहासातील पहिला मोठा विजय मूत्रपिंडाच्या बाबतीत मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल हे ‘एसीई इनहिबिटर’ गटातील रक्तदाबाचे औषध या संकटात वापरले जाऊ लागले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ही औषधे मिळालेल्या रुग्णांपैकी ७६ टक्के वर्षभरानंतर हयात होते, तर न मिळालेल्यांपैकी अवघे १५ टक्के. ही औषधे स्वस्त असून सर्वत्र मिळतात. एकेकाळी मूत्रपिंड हे मृत्यूचे मुख्य कारण होते. आता ती जागा फुप्फुसांच्या विकारांनी घेतली आहे.

काही आशा फोलही ठरल्या. पेनिसिलामाइन हे औषध अनेक वर्षे विश्वासाने दिले जात होते. १९९९ मध्ये १३४ रुग्णांवरील चाचणीत त्याची मोठी मात्रा आणि नाममात्र मात्रा यांच्या परिणामांत फरक आढळला नाही आणि त्याचा वापर मागे पडला.

फुप्फुसांसाठी २००६ मध्ये १५८ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीने सायक्लोफॉस्फामाइडचा माफक लाभ दाखविला. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात तो ओसरला. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत १४२ रुग्णांवर मायकोफेनोलेट या गोळ्या तितक्याच गुणकारी आणि अधिक सुसह्य ठरल्या. तेव्हापासून अनेक ठिकाणी त्याच प्रथम दिल्या जातात. भारतातही हा प्रश्न अभ्यासला गेला. चंडीगड येथील पीजीआयच्या २०२० मधील छोट्या चाचणीत फुप्फुसांची हानी सौम्य असलेल्या ४१ रुग्णांना सहा महिने मायकोफेनोलेट वा निष्प्रभ गोळी देण्यात आली आणि दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. औषध कोणाला आणि केव्हा सुरू करायचे, हा निर्णय सरसकट घेता येत नाही, हेच यातून दिसते.

२०१९ मध्ये ५७६ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत निंटेडॅनिब या व्रणरोधक औषधाने फुप्फुसक्षमतेची वार्षिक घट ९३ मिलिलिटरवरून ५२ मिलिलिटरवर आणली. त्वचेवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत टोसिलिझुमॅबला या आजारातील फुप्फुसविकारासाठी, तर त्याच वर्षी जपानमध्ये रिटुक्सिमॅबला सिस्टेमिक स्क्लेरोसिससाठी मान्यता मिळाली. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्यास बोसेंटन, अँब्रिसेंटन, सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधे उपयोगी पडतात.

मूळपेशी आणि पुढचे पाऊल

रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, तीव्र औषधांनी बिघडलेली प्रतिकारयंत्रणा नष्ट करायची आणि त्या पेशींपासून ती पुन्हा उभारायची, हा अधिक धाडसी मार्ग आहे. युरोपातील १५६ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) दीर्घकालीन जीवनमान सुधारले; मात्र पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्के होते. अमेरिकेतील ७५ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) साडेचार वर्षांनंतर गंभीर अवयवहानीविना हयात असलेल्यांचे प्रमाण प्रत्यारोपण गटात ७९ टक्के, तर औषध गटात ५० टक्के होते. हा उपचार काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांसाठीच आहे.

‘कार-टी’ पेशी हे त्यापुढचे पाऊल. जर्मनीतील संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ स्वयंप्रतिकारक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे चार रुग्ण होते आणि त्यांच्यात आजाराची तीव्रता कमी झाली. संख्या लहान असल्याने निष्कर्षाची घाई करता येणार नाही. तथापि आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून साकारलेल्या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्ताच्या काही कर्करोगांसाठी भारतात मान्यता मिळाली आहे. हे तंत्रज्ञान महाराष्ट्रातच विकसित झाले असल्याने पुढील काळात या संशोधनाकडे राज्यातील डॉक्टरांचे लक्ष राहील.

लाखांदूर ते नागपूर

लाखांदूरहून नागपूर शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. संधिवाततज्ज्ञ, फुप्फुसांच्या सविस्तर चाचण्या आणि प्रतिपिंडांची तपासणी यांसाठी बहुधा तेथेच जावे लागते. नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व एम्स, तसेच सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही या भागातील मोठी आधारस्थाने आहेत. गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर भंडारा व गडचिरोली येथील नव्या महाविद्यालयांचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तथापि प्रत्येक फेरीसाठी मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो आणि औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. आजार दुखणे थांबताच विसरला जातो आणि पुढील तपासणी राहून जाते.

तज्ज्ञ दूर असला, तरी या आजारात गावपातळीवर होण्यासारखे बरेच काही आहे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र उपकेंद्रातही असते. व्यापक प्रकारच्या रुग्णाचा रक्तदाब पहिली काही वर्षे नियमित मोजला, तर मूत्रपिंड संकट वेळीच पकडता येते. हात उबदार ठेवणे, हातमोजे वापरणे, विडी-तंबाखू सोडणे, थंड पाण्यातले काम शक्यतो टाळणे, बोटांचा व तोंड उघडण्याचा रोजचा व्यायाम करणे, जखम होताच मलमपट्टी करणे यांस खर्च अत्यल्प येतो. रेनो लक्षणासाठीचे निफेडिपिन आणि छातीतील जळजळीसाठीचे ओमेप्राझोल ही औषधेही परिचयाचीच आहेत.

सिस्टेमिक स्क्लेरोसिस पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. तयार झालेला व्रण पुसणे कठीण असते, तो होण्याआधी थोपविणे शक्य असते. म्हणूनच घरोघरी जाणारी आशा स्वयंसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि कुष्ठरोग वा क्षयरोगाच्या मोहिमेतील कर्मचारी यांनी ‘थंडीत बोटांचा रंग बदलतो का?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर प्रयोगशाळांतील या संशोधनाचा लाभ लाखांदूरच्या धानाच्या बांधीपर्यंत पोहोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.