सीलबंद डबा : एका प्रवासाची पूर्वतयारी

एप्रिल १९१७ मध्ये लेनिन झुरिकहून पेट्रोग्राडला ज्या आगगाडीने गेला, ती ‘सीलबंद आगगाडी’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. स्टेफान झ्वाइगने या प्रवासावर लिहिले. एडमंड विल्सनने १९४० साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात त्याचे शेवटचे स्थानकच घातले. प्रवासाच्या या नाट्यापुढे त्याची पूर्वतयारी मात्र झाकोळून जाते. वास्तविक ही तयारी गाड्यांच्या वेळांची कमी आणि शब्दांची अधिक होती.

मार्च १९१७ मध्ये झारने राजत्याग केला तेव्हा लेनिन तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये अडकलेला होता. रशिया युद्धात टिकून राहावा ही फ्रान्स-ब्रिटनची गरज असल्याने त्या बाजूने युद्धविरोधी क्रांतिकारकाला वाट मिळणे शक्य नव्हते. मुक्याबहिऱ्या स्वीडिश माणसाचे सोंग घेण्यापर्यंत त्याच्या कल्पना गेल्या होत्या. उरला मार्ग जर्मनीचा, म्हणजे शत्रुराष्ट्राचा. रशियात अडकवून ठेवलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांच्या बदल्यात परतीची वाट मागावी, ही मूळ सूचना मेन्शेविक नेता मार्तोव्ह याची. पण त्याच्या गटाला आधी पेट्रोग्राडची संमती हवी होती. लेनिन थांबायला तयार नव्हता.

स्विस समाजवादी फ्रिट्झ प्लाटेन याने बर्नमधील जर्मन वकील रोम्बर्ग याच्याशी अटी ठरवल्या. डबा परकीय भूमीसारखा मानावा. पारपत्रे वा माणसे तपासू नयेत. कोणाचे राजकीय मत काय, हे पाहू नये. तिकिटे नेहमीच्या दराने विकत घेतली जावीत. जर्मनांशी बोलणे प्लाटेननेच करावे. या अटींमागे एकच चिंता दिसते : उद्या कोणी विचारले, तर ‘आम्ही जर्मनांचे उपकार घेतले नाहीत’ असे म्हणता आले पाहिजे. ९ एप्रिलला निघण्यापूर्वी, रशियात आपल्यावर देशद्रोहाचा आरोप होऊ शकतो याची जाणीव असल्याचे निवेदनही प्रवाशांनी सही करून दिले.

गोटमाडिंगेनला जर्मन डबा मिळाला. त्याच्या चारपैकी तीन दारांना सील होते, चौथे उघडे. मागच्या बाजूला दोन जर्मन अधिकारी बसले, आणि त्यांच्या व रशियनांच्या मध्ये जमिनीवर खडूची एक रेघ ओढली गेली. तीच सरहद्द! ‘सीलबंद’ हे वर्णन लोखंडापेक्षा या रेघेला अधिक लागू पडते. तिला स्वतःचे बळ नव्हते; दोन्ही पक्षांनी ती मानली, म्हणून ती होती.

पुढे झास्निट्झहून बोटीने ट्रेलेबोर्ग, मग माल्मो, स्टॉकहोम आणि उत्तरेला हापारांडा. तेथे रूळ जोडलेले नव्हते. स्वीडनचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, तर रशियन साम्राज्यातील फिनलंडचे १५२४ मिलिमीटरचे. दोहोंमध्ये गोठलेली नदी. ती घसरगाड्यांनी ओलांडून मंडळी टोर्निओला पोहोचली. तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांसमोर कसून झडती झाली. कराराचे शब्द जर्मनीपुरतेच होते. १६ एप्रिलच्या रात्री गाडी पेट्रोग्राडच्या फिनलंड स्थानकात शिरली.

एवढी काळजी घेऊनही जुलै १९१७ मध्ये ‘जर्मन हस्तक’ हा आरोप झालाच आणि लेनिनला भूमिगत व्हावे लागले. महिनाभर थांबलेला मार्तोव्हही शेवटी मे महिन्यात जर्मनीमार्गेच परतला. मार्ग तोच, पण संमतीची वाट पाहण्यात गेलेल्या त्या महिन्यात लेनिनने आपल्या पक्षाची दिशा पालटली होती. तत्त्वनिष्ठेची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि घाईची किंमत संशयात. यांपैकी कोणता हिशेब बरोबर, हे इतिहासाने आपल्याला सोपे करून सांगितलेले नाही.

प्लाटेनचे पुढे काय झाले, हे मात्र सांगायला हवे. ज्याच्या शब्दावर हा डबा जर्मनीतून सुखरूप पार झाला, तो नंतर सोव्हिएत देशात राहायला गेला आणि १९४२ साली तेथील छावणीत गोळी घालून मारला गेला. त्याच्यासाठी कोणी अटी ठरवल्या नव्हत्या.