ज्येष्ठ कोण?

दोन शाळा एक झाल्या, तेव्हा ज्येष्ठता यादीत मी सहा जागा खाली घसरलो होतो. म्हणून पारनेरवरून विमान गेले की मला वैमानिकांची यादी आठवते!

२००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, याद्या मात्र वेगळ्याच राहिल्या. एअर इंडियात कमांडर व्हायला जास्त वर्षे लागत. मग ज्येष्ठता धरायची कशी, रुजू झाल्यापासून की कमांडर झाल्यापासून? २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. तरीही मे २०१२ मध्ये, ड्रीमलायनरचे प्रशिक्षण आधी आम्हालाच हवे, म्हणत मूळ एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. संप जुलैपर्यंत चालला.

प्रवाशांचे हाल झाले, हे खरेच. पण रांगेत घालवलेली वर्षे कुणी पुसली की कसे वाटते, ते मला ठाऊक आहे.