एच. आय. व्ही. संसर्ग आणि आनुवंशिकता : दक्षिण महाराष्ट्रासंबंधी एक विचार

पुणे–बंगळूर महामार्गालगत, कोल्हापूरच्या आग्नेयेस, कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. कापडाचे, ओतकामाचे व यंत्रभागांचे कारखाने, परप्रांतांतून आलेले कामगार आणि मालमोटारींची अखंड वर्दळ हे तिचे नित्याचे रूप होय. कागलपासून थोड्याच अंतरावर कर्नाटकाची सीमा लागते. सीमेच्या दोन्ही अंगांचे कोल्हापूर, सांगली व बेळगाव हे जिल्हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–२०१२) सर्वाधिक लक्ष पुरविण्याच्या ‘अ’ वर्गात गणले गेले. हा रोग याच पट्ट्यात का फैलावला, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

लोकव्यवहारात अशा प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा रक्तात शोधले जाते. मराठीत ‘रक्त’ हा शब्द देहातील द्रव आणि कुळ अशा दोन्ही अर्थी योजिला जातो. तेव्हा रक्तातून पसरणारा रोग हा कुळाचाही गुण ठरविण्यास वेळ लागत नाही. रोग एका समाजाच्या माथी मारावयाचा आणि दुसऱ्याने स्वतःस निर्भय मानावयाचे, हे दोन्ही प्रमाद यांतूनच संभवतात. म्हणून आनुवंशशास्त्राने या बाबतीत नेमके काय सिद्ध केले, हे पाहणे अगत्याचे आहे.

या विषाणूचा शोध १९८३ मध्ये पॅरिस येथे लागला. प्रतिकारक्षमतेचे नियमन करणाऱ्या पेशींवरील सीडी-४ या प्रथिनास तो चिकटतो, हे १९८४ मध्ये कळले. परंतु पेशीत शिरण्यास तेवढे पुरेसे नव्हते. वारंवार संपर्क येऊनही काही व्यक्तींना बाधा होत नाही, या निरीक्षणाचा पाठपुरावा करताना १९९६ मध्ये उलगडा झाला. सीसीआर-५ हे दुसरे प्रथिनही विषाणूला प्रवेशासाठी लागते. त्याच्या जनुकातील ३२ घटकांचा तुकडा गळालेला असेल, तर ते पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. आई व बाप या दोघांकडूनही असे जनुक मिळालेल्यांना संसर्ग क्वचितच होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे शंभरात एक आढळतात. भारतात मात्र हा जनुकभेद अत्यंत विरळ आहे. तेव्हा येथील कोणत्याही समाजाने या कवचाचा भरवसा धरण्यास आधार नाही.

दुसरा भेद संसर्गानंतरच्या वाटचालीचा आहे. बाधित पेशीतील विषाणूचे अंश पृष्ठभागावर आणून मारक पेशींना दाखविण्याचे काम एच. एल. ए. नावाची प्रथिने करतात, आणि ती व्यक्तिपरत्वे भिन्न असतात. त्यांपैकी बी-५७ व बी-२७ हे प्रकार असणाऱ्यांत रोग सावकाश वाढतो. बी-३५ चे काही उपप्रकार असणाऱ्यांत तो त्वरेने बळावतो. मात्र हे प्रकार संसर्गास आडकाठी करीत नाहीत, केवळ त्याची गती बदलतात. रोग होणे आणि रोग वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘प्रतिकारशक्ती’ या एकाच शब्दात त्यांची गल्लत होते.

या विवेचनास महाराष्ट्रातीलच एका अभ्यासाची जोड देता येते. १९९२ मध्ये पुण्यानजीक भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांविषयीचा तिच्या संशोधकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत बाधेचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. तो व्यवसाय न करणाऱ्यांतही ते १३.६ टक्के होते. या दुसऱ्या गटातील बहुतेक स्त्रिया विवाहित व पतीशी एकनिष्ठ होत्या. त्यांचा धोका त्यांच्या रक्तात किंवा वर्तनात नव्हता. तो पतीकडून घरात आला होता. स्वजातीय विवाहाची रूढी ध्यानात घेतली, तर पती व पत्नी बहुधा एकाच ज्ञातीचे. तेव्हा ज्ञातीचे ‘शुद्ध रक्त’ या स्त्रियांचे रक्षण करू शकले नाही, हे उघड आहे.

यावरून निष्कर्ष असा की, आनुवंशिकता ही व्यक्तीव्यक्तींतील फरकाचे स्पष्टीकरण देते. जिल्ह्याजिल्ह्यांतील फरकाचे नव्हे. एकाच प्रसंगी विषाणूशी गाठ पडलेल्या दोघांपैकी एक लवकर खंगतो व दुसरा वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण काही अंशी जनुकांत सापडेल. परंतु विषाणू कोणाच्या दारी पोहोचतो, हे रस्ते, स्थलांतर, दारिद्र्य आणि स्त्रीची पराधीनता यांवर अवलंबून असते. १९८६ मध्ये चेन्नई येथे भारतातील पहिले बाधित आढळले, त्यानंतरचा या रोगाचा प्रवास माणसांच्या येण्याजाण्याचाच मागोवा घेतो.

या भेदास व्यवहारातही महत्त्व आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत विषाणूरोधक औषधे देण्यास आरंभ केला आणि २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास बंदी घातली. औषध घेताना कोणी कुळ सांगत नाही. परंतु कुळाला बट्टा लागेल या भयाने तपासणीस न जाणारा मनुष्य त्या औषधापर्यंत पोहोचतच नाही. ‘रक्त’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवणे, ही म्हणूनच केवळ कोशकाराची बाब राहत नाही.