संगणकातील मराठी : जिस्ट कार्डापासून लिनक्सपर्यंत



संगणकाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर अमेरिकेतील कंपन्यांची नावे येतात. पण त्यातले एक प्रकरण आपल्या अक्षरांचे आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या घरांत आणि संस्थांत संगणकावर जे लिहिले गेले, ते नातवंडांना वाचता येईल की नाही, हे त्या प्रकरणावर अवलंबून आहे.

इंग्रजी अक्षरे एकापुढे एक बसतात. प्रत्येकाला क्रमांक दिला की काम भागते. आस्की संकेतात असे १२८ क्रमांक होते. आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि जोडाक्षरे तर शेकड्यांनी. टंकलेखन यंत्राने यावर आकारांची तोड काढली होती : अर्धा स, काना, वेलांटी असे तुकडे जोडत जायचे. संगणकानेही तेच करावे, असे वाटणे स्वाभाविक होते.

कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये मात्र वेगळा विचार झाला. आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार. ‘क्ष’ म्हणजे क, हलंत, ष. वेलांटी डावीकडे नेणे आणि जोडाक्षर घडवणे हे काम यंत्राने करायचे. १९८३ साली तेथे देवनागरी टर्मिनल तयार झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली हे काम तेथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले.

जिस्ट कार्ड ही संगणकाच्या आतल्या खाचेत बसवायची पाटी. डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला मराठीचा गंध नसे. तो आपला क्रमांक पाठवी, आणि त्या क्रमांकांवरून पडद्यावर देवनागरी उमटवण्याची अक्कल कार्डात असे. आस्कीचे पहिले १२८ क्रमांक तसेच ठेवून वरच्या १२८मध्ये भारतीय वर्णमाला बसवली होती. हाच ‘इस्की’ संकेत. गंमत अशी, की ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना क्रमांक एकच. त्यामुळे देवनागरीत लिहिलेला मजकूर लिपी बदलताच कन्नड अक्षरांत दिसे. ज्या लिप्यांच्या पाट्यांवरून आपल्या सीमाभागात इतके रान उठते, त्या यंत्राच्या पोटात एकाच क्रमांकाने नांदत होत्या.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. मूडबिद्रीच्या जैन मठात जपलेला ‘धवला’ हा वीरसेनाचार्यांचा टीकाग्रंथ घ्या. भाषा प्राकृत, मधून मधून संस्कृत, आणि ताडपत्रांवरची लिपी मात्र जुनी कन्नड. त्याच्या नकला झाल्या, त्या देवनागरीत आल्या आणि प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. लिपी बदलली, ग्रंथ टिकला.

आता १९९१ या वर्षाकडे लक्ष द्या. त्या वर्षी इस्की हे भारतीय मानक झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून भारतीय लिप्यांची मांडणी घेतली, फक्त प्रत्येक लिपीला वेगळा खण दिला. शून्यापासून मोजले, तर देवनागरी ‘क’ आपल्या खणात २१व्या जागी आहे आणि कन्नड ‘क’ही आपल्या खणात २१व्याच जागी. त्याच वर्षी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली.

दुर्दैवाने मधल्या काळात आपण मागे गेलो. विंडोज आले, कार्डाची गरज संपली, आणि छपाईसाठी ज्याचे-त्याचे फॉन्ट आले. त्यांत पुन्हा आकार साठवले गेले, तेही इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडते, पण दिसतात निरर्थक इंग्रजी अक्षरे. शतकसंवत्सरी स्मरणिका, वार्षिकांक, वंशावळी असे कितीतरी लेखन आज या कुलपात आहे.

जुनी यंत्रे जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण यंत्र जपून सगळे साधत नाही. जिस्ट कार्डाची खाचच आजच्या संगणकात नसते. जुने डॉस प्रोग्रॅम लिनक्सवर डॉसबॉक्समध्ये चालवता येतात, पण अक्कल कार्डात होती तिथे नुसता प्रोग्रॅम काय करणार? आमच्या होमिओपॅथीत केंटची १८९७ची रेपर्टरी आजही हाताने उघडते. शंभर वर्षांनी फ्लॉपीबद्दल असे म्हणता येणार नाही.

लिनक्सही जुन्या प्रोसेसरला कायम सांभाळत नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर त्याचा जन्म झाला, त्याचा आधार २०१२च्या अखेरीस काढून टाकण्यात आला. फरक इतकाच, की त्याचा प्रत्येक जुना पाठ उघडा आहे. ज्याला हवा तो घेईल, वाचेल, दुरुस्त करील. युनिकोड मराठी विंडोजमध्येही आली, हे मान्य. पण उघड्या वस्तूची नकल करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि नकल हाच टिकण्याचा मार्ग आहे. ताडपत्राने आपल्याला हेच शिकवले.

म्हणून वाचकहो, एक विनंती. कपाटातल्या फ्लॉप्या आणि सीड्या बाहेर काढा. ज्या छापखान्यात अंक जुळवला तिथे कोणता फॉन्ट वापरला, हे ती माणसे आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. फॉन्टचे नाव कळले तर मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. छापील प्रत समोर ठेवून तो तपासा आणि दोन-तीन घरांत नकला ठेवा. महाराष्ट्राबाहेर राहून आपल्या वाडवडिलांनी भाषा राखली. तिची अक्षरे राखणे आता आपल्याकडे आहे.